डावीकडचं मागचं दार

बँकेची तिजोरी एका माणसाला उघडता येत नाही. तिला दोन किल्ल्या लागतात. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघे सकाळी शेजारी शेजारी उभे राहतात, आपापली किल्ली फिरवतात, आणि मग ते अवजड दार कण्हत कुंथत उघडतं. दोघांपैकी एकाच्या घरी लग्न निघालं, तर त्याची किल्ली रजिस्टरात रीतसर सही होऊन तिसऱ्याच्या ताब्यात जाते. शिवाय किल्ल्यांचा एक जादा जोड असतो, तो आपल्या शाखेत ठेवतच नाहीत, तो परक्या घरी असतो. माणसानं माणसावर किती अविश्वास दाखवावा याला काही मर्यादा आहे की नाही? या प्रकाराला आम्ही 'जॉइंट कस्टडी' म्हणतो. घटस्फोटाच्या कोर्टातही हाच शब्द चालतो. फरक इतकाच की तिथे मुलं असतात आणि इथे नोटा. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपं बनवायला सुरुवात केली, तेव्हा या कुलपांच्या पाठोपाठ इतकी रजिस्टरं येतील याची त्यांनाही कल्पना नसेल.

अशा वातावरणात वीस वर्षं काढलेला मी एक कारकून आहे. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काम तेच असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. तर सांगायचं म्हणजे, दिवसभर दुसऱ्यांच्या पैशाअडक्याला कुलपं लावून संध्याकाळी घरी येणाऱ्या या माणसाच्या गाडीचं डावीकडचं मागचं दार गेला उन्हाळाभर लागत नव्हतं.

गाडी सेकंडहँड आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिचा काही दोष नव्हता. दहा वर्षं वापरलेल्या वस्तूचं काहीतरी होणारच. माणसांचं नाही का होत? ही गाडी घेतली तेव्हा मला गाडीपेक्षा तिच्या रिमोटचंच जास्त अप्रूप होतं. लांबून बटण दाबायचं, गाडीनं दोन डोळे मिचकावायचे आणि चारही दारांनी एकदम 'खट्' करायचं. आमच्या घरात माझा शब्द इतक्या एकमतानं पाळणारं दुसरं कोणी नाही. पहिले पंधरा दिवस मी गच्चीवरून, जिन्यातून, एकदा तर न्हाणीघराच्या खिडकीतूनसुद्धा ती लावून-उघडून पाहिली.

मार्चअखेरीला, म्हणजे बँकेत वर्षअखेरीचा गोंधळ चालू असताना, त्या 'खट्'मधला एक सूर हरवला. तो आमच्या सौभाग्यवतीच्या कानांनी टिपला. तिला कुकरच्या शिट्ट्या मोजायची सवय आहे. "तीनच वाजले," ती म्हणाली. मी घड्याळाकडे पाहिलं. "घड्याळात नाही हो, गाडीत." आम्ही चारही दारं ओढून पाहिली. डावीकडचं मागचं दार सासरी निघालेल्या मुलीसारखं एका ओढीत बाहेर आलं.

आता जळगावात गाडीचं दार लागत नाही ही गोष्ट खाजगी राहू शकत नाही. संध्याकाळपर्यंत ती आळीभर झाली. पहिले आले ते शेजारचे निवृत्त मास्तर. "सेल बदला," ते म्हणाले आणि खिशातून सेल काढूनच उभे राहिले. रिमोटमध्ये बटणासारखा चपटा सेल असतो, त्याचं नाव 'सीआर २०३२'. हे नाव मला पूर्वी एखाद्या खात्याच्या नंबरासारखं वाटायचं. पण त्यात सेलचं मापच लिहिलेलं आहे: व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. माणसांची नावंही या पद्धतीनं ठेवली असती तर लग्नं जमवताना केवढी सोय झाली असती! आम्ही सेल बदलला. तीनच वाजले.

वास्तविक सेल बदलण्याचं काहीच कारण नव्हतं, आणि हे मी मास्तरांना सेल बदलण्यापूर्वीच सांगत होतो. एम. जे. कॉलेजातून बी.कॉम. झालेल्या माणसाला आयुष्यात दुसरं काही नाही आलं तरी एक गोष्ट येते, ती म्हणजे फरक शोधणं. ट्रायल बॅलन्स जुळला नाही की आम्ही आधी सगळी पुस्तकं उपसत नाही. फरकाला नवानं भाग जातो का ते बघतो. ५४ च्या जागी ४५ लिहिले की फरक येतो ९, ७२० च्या जागी २७० लिहिले की ४५०, आणि त्यालाही नवानं भाग जातो. भाग गेला की समजायचं, कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे. त्याच रीतीनं मी गाडीकडे पाहत होतो. रिमोट दाबला की तीन दारं लागतात. म्हणजे रिमोट बोलतो आणि गाडी ऐकते. सेल ठीक. दारांच्या कुलपांना फ्यूज एकच, आणि तीन दारं चालतात. म्हणजे फ्यूजही ठीक. उरला तो फरक त्या एकाच दाराच्या खात्यात. तेव्हा शोध घ्यायचा तो त्या दारात, बाकी गाडीला उगाच त्रास नको. इतकं सरळ होतं.

पण आपल्याकडे कॉमर्सच्या पदवीधराचं म्हणणं यंत्राच्या बाबतीत कोणी ऐकत नाही. महिन्याभरात माझ्याकडे पाच नवे सेल जमा झाले. प्रत्येक जण येताना भक्तिभावानं एक घेऊन यायचा. इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या आला, त्यानं 'रोलिंग कोड' समजावून सांगितला. रिमोट म्हणे दरवेळी तोच आकडा पाठवत नाही. प्रत्येक दाबाला आकडा बदलतो आणि पुढचा आकडा कोणता येणार हे गाडीला ठाऊक असतं. म्हणजे चोरानं हवेतून एखादा आकडा पकडलाच तरी तो शिळा झालेला असतो. खिशात, नाहीतर लहान मुलाच्या हातात बटण फार वेळा दाबलं गेलं तर दोघांची मोजणी चुकते आणि मग गाडी मालकालाच ओळखत नाही. मला ओटीपी रोज पाहायची सवय असल्यामुळे हे चटकन पटलं. मी विचारलं, "पण मग तीन दारं मला ओळखतात आणि चौथंच ओळखत नाही, असं होईल का?" पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही बँकेत आहात ना, मग कशाला डोकं शिणवता?"

एका सर्व्हिस सेंटरात नेली. तिथे एसी होता, कॉफीचं यंत्र होतं आणि टाय लावलेला मुलगा होता. त्यानं रिमोट एकदा दाबला आणि म्हणाला, "पूर्ण लॉक असेंब्ली मोटरसकट बदलावी लागेल. सात हजार. पार्ट पुण्याहून येईल." मी विचारलं, "बिघडलंय काय?" तो म्हणाला, "ते बदलल्यावर कळेल ना सर." आमच्या बँकेत असं उत्तर देऊन कोणाचा फरक मिटवता आला असता, तर मी आज रिझर्व्ह बँकेत असतो. मी कॉफी पिऊन परत आलो आणि ते दार मनातल्या मनात सस्पेन्स खात्यात टाकलं.

आणि इथे नाना या गोष्टीत येतात.

नाना म्हणजे माझे वडील. वय ७८. पस्तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, हे वाक्य त्यांनी मला मुंज झाली तेव्हा गायत्री मंत्राआधी शिकवलं असावं. कुलूप या विषयावर त्यांचं मत ठाम होतं. "लाल गाडीला कधी कुलूप पाहिलंस? ड्रायव्हरच्या दाराला आतून सुतळी बांधायची, काम संपलं. कोण नेतो?" गाडी लुटण्याची भीती कोणी घातली, की ते चिमठाण्याची गोष्ट सांगायचे. १९४४ साली क्रांतिकारकांनी चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची मोटार अडवली आणि पाच लाखांहून जास्त रक्कम नेली. "बंदूकवाले पोलीस होते गाडीत, बंदूकवाले! नेणाऱ्यानं मनात आणलं तर तुझं खट् काय करणार?"

पण हे बोलणं जुनं. आई गेल्यापासून चार वर्षं नाना फारसं बोलत नव्हते. बाहेरही निघत नव्हते. कुठे जायचं म्हटलं की म्हणायचे, "तुम्ही या जाऊन. मी घर राखतो." सिनेमाला चला, घर राखतो. मेहरूण तलावावर चला, घर राखतो. नातेवाइकाच्या बारशाला चला, घर राखतो. आमच्या घरात राखण्यासारखं काय आहे हे आम्हाला आणि आयकर खात्याला दोघांनाही माहीत आहे. पण नाना ओसरीतल्या खुर्चीवर बसून ते राखत होते. आम्ही परत आलो की त्याच खुर्चीत, त्याच बाजूला मान करून बसलेले सापडायचे. शेजारी ठेवलेला चहा तसाच असायचा, वर साय धरलेला.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही फुले मार्केटला निघालो होतो. मी गाडीभोवती चकरा मारत होतो, कारण मागच्या सीटवर शिवायला टाकायची कापडं, गव्हाची पिशवी आणि चिरंजीवांचं क्रिकेटचं सामान. सौ. सहज म्हणाली, "दार लागत नाही. कोणीतरी गाडीत बसायला हवं."

ओसरीवरून आवाज आला, "मी बसतो."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाना आत गेले, टोपी घालून आले, काठी घेतली आणि डावीकडचं मागचं दार उघडून ऐटीत बसले. ड्यूटीवर निघाल्यासारखे.

मार्केटजवळ एका निंबाखाली गाडी लावली. नानांनी दार सताड उघडं टाकलं, पाय बाहेर सोडले आणि काठी गुडघ्यांत धरली. तासाभरानं परत येऊन पाहतो, तर गाडीभोवती चार माणसं. एक लिंबूसरबतवाला, एक पंक्चरवाला, एक कोणी कापसाचे व्यापारी आणि चौथा नानांचा जुना कंडक्टर, जो यावलच्या गाडीवर त्यांच्याबरोबर अकरा वर्षं होता आणि अजून हयात आहे हेच नानांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी घरी येताना नानांनी आम्हाला केळीचा भाव, कापसाचा अंदाज आणि दोन जुन्या डेपो मॅनेजरांच्या भानगडी सांगितल्या. रात्री दुसऱ्यांदा वरण मागितलं. सौ.नं वाढलं आणि माझ्याकडे न पाहता स्वयंपाकघरात गेली.

त्यानंतर राखणदारीला रीतसर सुरुवात झाली. गोलाणी मार्केट झालं, मेहरूण तलाव झाला, दवाखाना झाला, एका बारशाला तर नाना बाहेर गाडीत आणि निम्मं बारसं गाडीजवळ, असा प्रकार झाला. ऊन चढायला लागलं तशी त्यांनी सावल्यांची यादीच केली. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. बंद गाडी उन्हात उभी केली तर आत अर्ध्या तासात भट्टी होते, तिथे माणूस काय, टरबूजही ठेवू नये. त्यामुळे नाना गाडी कुठे लावायची हे स्वतः ठरवू लागले. "इथे नको, साडेपाचला ऊन फिरतं. त्या वडाखाली घे." पस्तीस वर्षं सावलीत गाडी लावण्याचा अनुभव तो, वाया कसा जाईल? दार उघडं, चारी काचा खाली, पाण्याची बाटली आणि छापील पंखा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं "काय नाना, इथे कसे?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "दार लागत नाही ना गाडीचं. कोणीतरी पाहिजे."

हे "कोणीतरी पाहिजे" ते ज्या सुरात म्हणत, तो सूर मला आमच्या हेड कॅशियरच्या आवाजात ऐकू येतो. किल्ली जवळ असलेल्या माणसाचा सूर.

साहजिकच माझा दुरुस्तीचा उत्साह कमी झाला. बँकेत कोणी विचारलं, "झालं का हो दार?" तर मी म्हणायचो, "पार्ट पुण्याहून यायचाय." पुण्याहून यायची गोष्ट कितीही दिवस येत नाही यावर खानदेशात लगेच विश्वास बसतो.

मे महिन्यात धुळ्याला लग्न निघालं, सौ.च्या आतेभावाच्या मुलीचं. जळगाव-धुळे अंतर शंभराच्या आतलं. हा पूर्वीचा सहा नंबरचा हायवे, आता त्रेपन्न नंबरचा. नंबर वाढला तसे पदरही वाढले. डिकीत केळीचा घड, आंब्याची पेटी आणि पापड-कुरडयांचा डबा. अर्थात धुळ्यात राखणदार लागणारच होता. नाना पहाटे पाचला टोपी घालून तयार. पाळधी, एरंडोल, पारोळा, प्रत्येक गाव आलं की त्यांचा पूर्वीचा थांबा दिसायचा. "इथे पाच मिनिटं. इथे दहा. इथे एकदा बकरी घेतली होती गाडीत, अर्धं तिकीट." चिरंजीव कानात घातलेली यंत्रं काढून ऐकत होते. हा चमत्कार मी नोंदवून ठेवतो.

धुळे शहराला बंद दारांचा मोठा इतिहास आहे. १९३२ साली इथल्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेचा एक अध्याय, अशी अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बाहेरून कडी लावलेल्या दाराआड इतकं चांगलं काही घडल्याचं दुसरं उदाहरण निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. आम्ही ज्या गावात दार लागत नाही म्हणून तक्रार घेऊन जात होतो, ते हे असं गाव.

देवपुरातल्या मंगल कार्यालयाबाहेर नानांनी सावली पकडली. अक्षता पडेपर्यंत धुळे डेपोचे तीन निवृत्त ड्रायव्हर गाडीजवळ जमले होते आणि वऱ्हाडापैकी बरीच म्हातारी मंडळी पंख्याखालून उठून उन्हाच्या कडेला येऊन बसली होती. सगळं उत्तम चाललं होतं. पण आमच्या शालकांना माणसाची अडचण पाहवत नाही. ते धुळ्याचेच.

"दाजी, म्हातारा माणूस बाहेर ठेवलाय! दार लागत नाही म्हणजे काय?" त्यांनी माझ्या हातातून रिमोट घेतला आणि तो स्वतःच्या हनुवटीखाली धरून बटण दाबलं. मला वाटलं, यांना उन्हाचं काही झालं. पण त्याला शास्त्र आहे. रिमोटच्या लहरी ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या. हनुवटीला टेकवला की आपलं डोकं, म्हणजे त्यातलं पाणी, अँटेनासारखं काम करतं आणि त्या थोड्या लांब पोहोचतात. डोक्यात बाकी काही नसलं तरी चालतं, पाणी हवं. शालकांच्या डोक्यानं तीन दारं व्यवस्थित लावली. मांडवाच्या पलीकडून एका दुसऱ्या गाडीनंही डोळे मिचकावल्याचं ते सांगतात, पण रोलिंग कोड समजल्यापासून मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

"चला आप्पांकडे," ते म्हणाले. मी म्हटलं, पंगत आहे. ते म्हणाले, दुसऱ्या पंगतीला बसू. मी म्हटलं, पार्ट पुण्याहून यायचाय. ते म्हणाले, आप्पांना पार्ट लागत नाही. शेवटी वधूपित्याचा निरोप घेऊन आम्ही गाडी काढली. नाना मागे होतेच. आपली जागा त्यांनी सोडली नव्हती.

आप्पा म्हणजे पारोळा रोडवरचे गाड्यांचे वायरमन. पत्र्याची शेड, एक बाकडं, एक टेस्ट लॅम्प. वय साठीचं. त्यांनी काहीच उघडलं नाही. गाडीजवळ उभे राहिले आणि विचारलं, "काय व्हयनं?"

मी माझा ट्रायल बॅलन्स सांगितला: तीन लागतात, एक लागत नाही, तेव्हा रिमोट नाही, सेल नाही, फ्यूज नाही. आप्पांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं. "मास्तर शेत का?" "बँकेत." "मंग बराबर." दीड महिन्यात माझं म्हणणं पटलेला हा पहिला माणूस. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो सात हजारवाल्यानं विचारला नव्हता: "ह्याच दारनी काच कशी चालस?"

काच! ती कधी चालायची, कधी अर्ध्यात थांबायची. आम्ही ते उन्हावर ढकललं होतं. आप्पांनी मान डोलावली. कुलपाची मोटर वेगळी, काचेची मोटर वेगळी. दोन्ही एकदम बिघडतील कशाला? दोघींचं सामाईक काय? तर दोघींना वीज नेणाऱ्या तारा एकाच वाटेनं जातात. दार आणि मधला खांब यांच्यामध्ये, बिजागरीजवळ, एक घड्या पडलेली रबरी नळी असते. सगळ्या तारा तिच्यातून दारात शिरतात. दार उघडलं की नळी ताणते, लावलं की दुमडते. दहा वर्षं, दिवसातून वीस वेळा. आणि डावीकडचं मागचंच दार का? कारण गाडी उभी राहते रस्त्याच्या डाव्या कडेला, आणि पाहुणे, पोरं, पिशव्या, म्हाताऱ्या सगळ्या त्याच दारानं आत-बाहेर करतात. उजवीकडचं मागचं दार बिचारं सणासुदीला उघडतं. हे त्यांनी सांगितल्यावर मला आमच्या बँकेतलं 'चौकशी' पाटी लावलेलं टेबल आठवलं.

"रिमोट ठेवा खिसामा," म्हणून आप्पांनी दार उघडंच ठेवलं, मला गाडीतलं लॉकचं बटण दाबत राहायला सांगितलं आणि स्वतः ती नळी दोन बोटांत धरून हळूहळू वाकवू लागले. काही नाही. काही नाही. आणि एका ठिकाणी एकदम 'खट्'. बोट हललं, गेलं. परत हललं, 'खट्'. शालकांनी टाळी वाजवली.

"तार तुटेल शे. दुसरं काही नही."

नळी खांबातून सोडवली तेव्हा दिसलं: वरचं प्लास्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळू नये असं. शेजारची काचेची तारही शेवटच्या दोन केसांवर तगून होती. आप्पांनी जोड दिला, तो मात्र वाकणाऱ्या जागी दिला नाही. डाख दिलेली तार कडक होते, ती वाकली की डाखाच्या शेजारीच पुन्हा तुटते. म्हणून त्यांनी नवी मऊ तार लांब घेऊन जोड खांबाच्या आत आणि दाराच्या आत, न हलणाऱ्या ठिकाणी नेले, वर स्लीव्ह चढवली. पाऊण तास लागला. साडेचारशे रुपये. चारही दारांनी एकसुरात 'खट्' केलं.

"आता किती टिकेल?" नानांनी विचारलं. ते बाकड्यावर बसून हे सगळं पाहत होते.

"चार-पाच वरीस पाहानं काम नही."

"चारच?"

आप्पांना ती आपल्या कामावरची शंका वाटली. "दहा वरीस! ल्हिसन देऊ का?"

"नाही, नाही. मग झालं," नाना म्हणाले. सेवानिवृत्तीचा कागद दुसऱ्यांदा हातात पडावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मी पैसे देत होतो, तेव्हा आप्पा हात पुसत दाराशी आले, आतल्या बाजूचा छोटा खटका बोटानं दाबला आणि दार ढकलून दिलं. ओढून दाखवलं. घट्ट बंद. "हाऊ खटका दाबीसन दार लावं तरी लागी जास ना भाऊ! मोटर बंद ऱ्हायनी तरी. कसाले इतला दिन राखण करी?"

शेडमध्ये क्षणभर शांतता पसरली.

आता सांगतो. तो खटका मला दुसऱ्याच दिवशी सापडला होता. दाबून दार ढकललं की लागतं. उघडताना पुढून हात घालावा लागतो, एवढाच काय तो त्रास. फुले मार्केटच्या त्या रविवारपर्यंत मी दार तसंच लावत होतो, आणि त्या दिवशीही तसंच लावणार होतो. नानांचा "मी बसतो" ऐकला आणि माझं बोट जागच्या जागी थांबलं. त्यानंतर त्या खटक्याला मी हात लावला नाही.

मी सौ.कडे पाहिलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती, आणि तिच्या पर्समध्ये शोधायला लागावं असं कधीच काही नसतं. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. मग आम्ही दोघांनी नानांकडे पाहिलं. पस्तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, दीड महिना त्या दाराला खेटून बसलेला, बोटापासून वीतभर अंतरावर तो खटका. नाना रस्त्यावरून जाणाऱ्या एका एसटीकडे अतिशय बारकाईनं पाहत होते.

"असं होय?" ते म्हणाले. "आम्हाला काय माहीत? आमच्या गाडीला सुतळी होती."

दुसरी पंगतही हुकली. तिसऱ्या पंगतीला बसलो.

पुढचा आठवडा घरात सगळं पूर्ववत झालं. रविवारी गोलाणीत जायचं होतं. मी गाडी बाहेर काढली. नाना ओसरीतल्या खुर्चीत होते, टोपी खुंटीवर. त्यांना काही विचारावं तर काय विचारावं, या विचारात मी काच पुसत होतो. सौ. पिशव्या घेऊन आली, गाडीजवळ थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "अहो, आज परत तीनच वाजले."

मी बटण दाबलंच नव्हतं.

"बघा ना नाना जरा," ती ओसरीकडे वळून म्हणाली. "यांना काही कळत नाही."

नाना उठले. सावकाश खाली आले, माझ्या हातातून रिमोट घेतला, हनुवटीखाली धरला आणि दाबला. चारही दारांनी असा खणखणीत 'खट्' केला की मास्तर खिडकीत आले.

नाना जरा वेळ कान देऊन उभे राहिले.

"हं," ते म्हणाले. "मागचं दार जरा दबकं वाजतंय खरं." आणि टोपी आणायला आत गेले.